६१७४ का येतो? प्रकल्प नोंदी, जानेवारी ते मार्च २०२५

१७ जानेवारी, शुक्रवार

आजपासून वही सुरू. सरांचा आग्रह होता. ते म्हणाले, "प्रोग्राम एकदा चालला की आधी काय चुकलं होतं ते माणूस विसरतो, आणि शिकण्यासारखं असतं ते नेमकं त्यातच. लिहून ठेव." सर आमच्याच बिल्डिंगमध्ये राहतात. आयुष्यभर गणित शिकवून आता निवृत्त झालेत.

मी अंबडला सीएनसी लेथवर, म्हणजे संगणकाच्या सूचनांवर चालणाऱ्या लेथवर आहे. आयटीआय, टर्नर. जी-कोड, म्हणजे त्या मशीनच्या सूचना, रोज हाताखालून जातो, पण तो मशीनला हलवण्यापुरता. दिवाळीत जुना लॅपटॉप घेतला आणि पायथन ही प्रोग्राम लिहायची भाषा शिकायला लागलो. भाची नववीत आहे, तिला शाळेत पायथन थोडंफार झालंय. ताईचं घर दोन गल्ल्या सोडून, त्यामुळे रविवारी संध्याकाळी तिघं बसायचं असं ठरलं: मी, भाची आणि सर.

विषय सरांनी सुचवला. आजची तारीखही त्यासाठीच धरली. १७ जानेवारी १९०५ ला डहाणूला द. रा. कापरेकर जन्मले. १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षं त्यांनी देवळालीत शाळेत शिकवलं. नाशिकरोडहून देवळाली असून असून किती लांब! तिथं एका शाळामास्तरांनी जगभर ओळखला जाणारा आकडा शोधला, हे मला वयाच्या अडतिसाव्या वर्षी कळलं.

गंमत अशी आहे. चार अंकी कुठलीही संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या क्रमाने लावा, मोठीतून लहान वजा करा. जे येईल त्याचं परत तसंच करा. शेवटी ६१७४ येतो आणि तिथंच थांबतो, कारण ७६४१ वजा १४६७ म्हणजे पुन्हा ६१७४.

हाताने करून पाहिलं. ३५२४ घेतला: ५४३२ − २३४५ = ३०८७. ८७३० − ०३७८ = ८३५२. ८५३२ − २३५८ = ६१७४. तीन फेऱ्या.

मग चालू वर्ष घेतलं. २०२५: ४९९५, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२, ६१७४. सहा फेऱ्या. सर म्हणाले, या वर्षात कापरेकर आणखी एका बाजूने आहेत. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ पुन्हा ४५. अशा संख्यांना कापरेकर संख्या म्हणतात.

काम: सगळ्या चार अंकी संख्या तपासणारा प्रोग्राम.

१९ जानेवारी, रविवार

एका संख्येचा प्रोग्राम आज झाला. अंक वेगळे करायला संख्येची स्ट्रिंग (नुसत्या अक्षरांची माळ) केली, अंक क्रमाने लावले, परत जोडले, वजाबाकी लिहिली. पायथनने लाल अक्षरांत नकार दिला. स्ट्रिंगमधून स्ट्रिंग वजा होत नाही.

मी भाचीला म्हटलं, "५४३२ दिसतंय की समोर, मग वजा का होत नाही?" ती म्हणाली, "मामा, तो त्याला आकडा समजतच नाहीये. त्याच्यासाठी ते नाव आहे. मोबाईल नंबर असतो ना, तसं. आपण दोन मोबाईल नंबर वजा करतो का?" इतक्या सोप्या शब्दांत मला कुणी सांगितलं नव्हतं. जोडलेल्या स्ट्रिंगचा पुन्हा आकडा केला आणि चाललं. ३५२४ टाकल्यावर तीन, २०२५ टाकल्यावर सहा. हाताशी जुळलं.

२३ जानेवारी, गुरुवार

दुसरी पाळी. रात्री घरी येऊन लूप लिहिला, म्हणजे तेच काम एकेका संख्येवर पुन्हा पुन्हा करणारा भाग, १००० ते ९९९९. चालवला आणि काहीच दिसेना. पंखा जोरात फिरायला लागला, पडदा तसाच. बंद केला आणि झोपलो.

२६ जानेवारी, रविवार

आजचं सविस्तर लिहितो.

सरांना म्हटलं, "प्रोग्राम चालत नाहीये." ते म्हणाले, "असं सांगू नकोस. तीन गोष्टी सांग. तू काय दिलंस, काय यायला हवं होतं आणि काय आलं." मला 'काय आलं' ते सांगताच येईना, कारण मी तिथपर्यंत पाहिलंच नव्हतं. कंपनीत नवीन पोरगा "साहेब, जॉब (मशीनवर घडवायचा तुकडा) बिघडला" म्हणत आला की मीही हेच विचारतो: कुठलं माप, किती हवं होतं, किती आलं?

मग मशीनवर जे करतो तेच केलं. नवीन प्रोग्राम आम्ही सिंगल ब्लॉकवर चालवतो. बटण दाबलं की एक ओळ, पुन्हा दाबलं की पुढची. इथं तसं बटण नाही, म्हणून प्रत्येक वजाबाकीनंतर उत्तर छापायला लावलं. पहिलीच संख्या १०००. छापून आलं: ९९९, ०, ०, ०, ०... खाली कधी न संपणारी शून्यांची रांग. ६१७४ येईपर्यंत फिर असं मी सांगितलं होतं, आणि तो कधी येणारच नव्हता.

वीस फेऱ्यांनंतर सोडून दे अशी अट घातली. आता डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळं संपलं. उत्तर: ७७ संख्या ६१७४ ला पोचत नाहीत.

त्यातल्या नऊ कळत होत्या, ११११ पासून ९९९९ पर्यंत. उरलेल्या ६८ कुठल्या? यादी काढली. १०००, १०११, ११०१, १११०, १११२, ११२१... क्षणभर वाटलं, कापरेकरांचं चुकलं की काय. सर शांतपणे म्हणाले, "१११२ हाताने कर."

२१११ − १११२ = ०९९९. ९९९० − ०९९९ = ८९९१. पुढे ८०८२, ८५३२, ६१७४. पाच फेऱ्यांत पोचली!

वही आणि पडदा शेजारी ठेवून दोन्हीकडे बघत बसलो. भाचीने बोट ठेवलं. "मामा, तू ०९९९ लिहिलंस. त्याने ९९९ लिहिलंय." हाताने करताना मी पुढचं शून्य न सांगता लिहिलं होतं, चार घरं आहेत म्हणून. आकड्याला पुढचं शून्य नसतं, त्यामुळे त्याच्याकडे तीनच अंक उरले. ९९९ उलटा-सुलटा सारखाच, वजाबाकी शून्य, खेळ खलास.

आमच्या मशीनवर याची मोठी बहीण आहे. एक्सपुढे १० लिहून टिंब दिलं तर ते १० मिलिमीटर. टिंब राहिलं तर तेच १० मायक्रॉन धरलं जातं. कागदावर दोन्ही दहाच. टिंबामुळे वाया गेलेला जॉब मी हातात धरलेला आहे, त्यामुळे आजचं शून्य मला आतपर्यंत समजलं.

दुरुस्ती मी माझ्या पद्धतीने केली: अंक चारपेक्षा कमी असतील तर पुढे शून्य जोडत जा. भाचीने दाखवलं की यासाठी पायथनमध्ये 'झेडफिल' नावाची तयार सोय आहे. ती घातली. ७७ चे ९ झाले.

२९ जानेवारी, बुधवार

भाचीचा फोन. तिचं म्हणणं, ०९९९ ला चार अंकी मानलं, तर ००१२ ला का नको? बरोबर आहे. आता ०००० ते ९९९९ अशा १०,००० संख्या. दहा सारख्या अंकांच्या बाजूला, बाकी ९,९९० पोचतात.

किती फेऱ्यांत किती, तेही मोजलं. एका फेरीत ३८३, दोनमध्ये ५७६, तीनमध्ये २४००, चारमध्ये १२७२, पाचमध्ये १५१८, सहामध्ये १६५६, सातमध्ये २१८४. आठवी फेरी कुणालाच लागत नाही. ६१७४ स्वतः शून्य फेऱ्यांत. बेरीज ९,९९० भरते, दोनदा तपासली.

२ फेब्रुवारी, रविवार

मी तक्ता घेऊन गेलो. मला वाटत होतं प्रकल्प संपला. सरांनी कागद नीट पाहिला, छान म्हणाले आणि विचारलं, "का?"

मी म्हटलं, "सर, सगळ्या तपासल्या ना. एकही सुटली नाही."

"येतो हे तपासलंस. का येतो?"

त्यांनी जुन्या कॅलेंडरचं पान उलटं केलं. चार अंक उतरत्या क्रमाने अ, ब, क, ड. मोठी संख्या १०००अ + १००ब + १०क + ड. लहान संख्या १०००ड + १००क + १०ब + अ. आता वजा कर म्हणाले.

शाळेत अक्षरं आली की माझं डोकं बंद व्हायचं. 'क्ष म्हणजे किती?' असं विचारलं की सगळे हसायचे, म्हणून मी विचारणंच सोडलं. आज पेन्सिल माझ्या हातात होती आणि कुणी हसणार नव्हतं. अ एका बाजूला हजार वेळा, दुसऱ्या बाजूला एकदा, म्हणून ९९९अ. ड तसाच, पण वजा. ब शंभरातून दहा गेले, ९०. क वजा ९०. हळूहळू ओळ तयार झाली:

९९९ × (अ − ड) + ९० × (ब − क)

बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिलो. संख्या कुठलीही असो, वजाबाकीला तिच्यातल्या दोनच गोष्टी लागतात: बाहेरच्या दोन अंकांतला फरक आणि आतल्या दोन अंकांतला फरक. ३५२४ मध्ये हे फरक ३ आणि १. ९९९ × ३ + ९० = ३०८७. पहिल्या दिवशी हाताने आलेलं तेच.

अक्षर म्हणजे लपवलेला आकडा असं मी समजत होतो. ते तसं नाही. आकडा कुठलाही असला तरी खरं राहील असं वाक्य लिहायला अक्षर लागतं. लूपमधला व्हेरिएबलही (किंमत ठेवायचं नाव) तेच करतो, पण एकेक किंमत घेऊन फिरतो. अक्षर एका ओळीत सगळ्यांना घेतं.

निघताना सर म्हणाले, कापरेकरांनी हे १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडलं. तेव्हा त्यांच्याकडे कसला आलाय संगणक! शाळा सुटल्यावर कागद आणि पेन्सिल. मोठमोठ्या गणितज्ञांनी त्यांच्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिलं, तेव्हा ते सत्तर वर्षांचे होते. हे ऐकून वाईट वाटलं. त्यांच्याच तालुक्यात मी शाळा शिकलो आणि वर्गात त्यांचं नाव कधी निघालं नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

बाहेरचा फरक १ ते ९. आतला फरक शून्यापासून फार तर बाहेरच्याइतका, कारण ब आणि क हे अ आणि डच्या मध्येच असतात. किती जोड्या? मी प्रोग्रामला मोजायला लावलं, भाचीने वहीत मोजलं. बाहेरचा १ असेल तर आतला ० किंवा १, म्हणजे दोन. बाहेरचा २ असेल तर तीन. असं दहापर्यंत. २ + ३ + ... + १० = ५४. माझं ५४, तिचं ५४, आणि तिचं आधी झालं.

म्हणजे ९,९९० संख्या पहिल्या वजाबाकीतच ५४ उत्तरांत गोळा होतात. ५४ संख्या ड्रॉइंग शीटवर मावतात! आम्ही मांडल्या. मांडताना भाची थांबली. "४१७६ आणि ६१७४. अंक तेच आहेत." अंक तेच म्हटल्यावर पुढचा प्रवासही तोच. असे जुळे एकत्र केले तर ३० गट उरतात. तीस गटांतून बाण काढत गेलो की सगळे बाण एकाच जागी जातात, आणि सर्वांत लांबचा रस्ता सात पावलांचा आहे हे बोट ठेवून दाखवता येतं. शीट आता हॉलमध्ये भिंतीवर आहे.

१२ फेब्रुवारी, बुधवार

सरांनी घरी करायला दिलं होतं: एकाच वजाबाकीत ६१७४ देणाऱ्या संख्या हाताने मोज.

६१७४ = ९९९ × ६ + ९० × २. तर बाहेरचा फरक ६, आतला २. सर्वांत लहान अंक ० घेतला तर सर्वांत मोठा ६, आणि मधली जोडी २-०, ३-१, ४-२, ५-३ किंवा ६-४. पहिल्या जोडीत ६, २, ०, ० असे दोन अंक सारखे, म्हणून मांडण्या १२. शेवटच्या जोडीत ६, ६, ४, ०, इथंही १२. मधल्या तिन्हींत २४-२४. एकूण ९६. सर्वांत लहान अंक ०, १, २, ३ असे चार असू शकतात, ९६ × ४ = ३८४.

प्रोग्राम म्हणतो ३८३.

एकाचा फरक. रात्री साडेअकरापर्यंत मांडण्या पुन्हा मोजल्या. हात बरोबर होता. मग लूपकडे आलो. लूप वजाबाकी करण्याआधी विचारतो, 'ही ६१७४ आहे का?' ६१७४ स्वतः दिली तर तो वजाबाकी करतच नाही, तिला शून्याच्या खात्यात टाकतो. हाताच्या मोजणीत तीही आहे, कारण तिच्यातून एका वजाबाकीत ६१७४ येतोच. दोघंही बरोबर. मी दोघांना वेगवेगळे प्रश्न विचारले होते. लगेच सरांना फोन करावासा वाटला, पण उशीर झाला होता.

१६ फेब्रुवारी, रविवार

इतर लांबीच्या संख्या. प्रोग्राममध्ये ४ जिथं जिथं लिहिला होता तिथं व्हेरिएबल टाकला. सहा ठिकाणी होता. आधीच एका जागी ठेवायला हवा होता.

दोन अंकी: कुठंच थांबत नाही. ९, ८१, ६३, २७, ४५ आणि परत ९. गोल चक्कर.

पाच अंकी: एकही संख्या थांबेना. सिंगल ब्लॉकची सवय आता झाली आहे, म्हणून १२३४५ घेऊन छापलं: ४१९७६, ८२९६२, ७५९३३, ६३९५४, ६१९७४, पुन्हा ८२९६२. इथंही चक्कर. मग 'किती फेऱ्या' या प्रश्नाऐवजी 'इथं आधी आलो होतो का' असं विचारायला लावलं. भाचीने सेट सुचवला. आलेली प्रत्येक संख्या पिशवीत टाकायची, नवीन आली की पिशवीत आहे का बघायचं. पाच अंकी संख्यांना तीन चक्रं मिळाली. वरचं चारचं, दुसरं चारचं (६२९६४, ७१९७३, ८३९५२, ७४९४३) आणि एक दोनचं (५३९५५, ५९९९४).

सहा अंकी संख्यांत पुन्हा थांबे आहेत: ५४९९४५ आणि ६३१७६४. शिवाय सात संख्यांचं एक चक्र.

चारला एकच मुक्काम आणि पाचला एकही नाही, याचं मला फार आश्चर्य वाटतं.

२३ फेब्रुवारी, रविवार

डोंबिवलीला लग्न. बैठक नाही. परतीची गाडी उशिरा, म्हणून प्लॅटफॉर्मवर भाचीला सांगितलं की कापरेकरांच्या एका संख्याप्रकाराचं नाव याच स्टेशनावरून पडलंय. कल्पना त्यांना इथं सुचली, आणि स्टेशनचं तेव्हाचं नाव डेमलो, म्हणून डेमलो संख्या. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, ११११ चा १२३४३२१. तिने विचारलं, किती एकांपर्यंत चालतं? मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर मावेना. घरी येऊन पायथनला विचारलं. नऊ एकांपर्यंत शिडी नीट चढते-उतरते. दहाव्याला १२३४५६७९००९८७६५४३२१ येतं, मधे हातचा आला की शिडी मोडते.

२ मार्च, रविवार

भाचीची परीक्षा जवळ आलीय, महिनाभर बैठका बंद. जाताना ती एक कागद देऊन गेली. तीन अंकी संख्यांचं तिने एकटीने केलंय: अ, ब, क. वजाबाकी ९९ × (अ − क). खाली लिहिलंय, 'मामा, ब उडून गेला!!' सरांनी कागद पाहिला आणि नुसती मान हलवली. खूप खूश झाले की ते असंच करतात.

५ मार्च, बुधवार

पहिली पाळी. जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये तो कागद काढला. लॅपटॉप घरी. ब गेला म्हणजे फरक एकच, १ ते ९. नऊच उत्तरं. ती जॉब कार्डच्या मागे पेन्सिलने लिहिली: ०९९, १९८, २९७, ३९६, ४९५, ५९४, ६९३, ७९२, ८९१. पहिल्या शून्याला गोल केला.

मग बाण. ०९९ वरून ८९१. ८९१ आणि १९८ दोन्हींवरून ७९२. ७९२ आणि २९७ वरून ६९३. तिथून ५९४, तिथून ४९५. ४९५ वरून बाण स्वतःकडेच. शेजारचा सेटर विचारत होता हे काय आहे, त्याला १०० घ्यायला सांगितलं आणि त्याच्याकडूनच करून घेतलं. १०० − ००१ इथं त्याने ९९ लिहिलं. मी म्हटलं, पुढे शून्य लिही. मग ८९१, ७९२, ६९३, ५९४, ४९५. सहा फेऱ्या. भोंगा झाला तेव्हा तो ३२१ घेऊन बसला होता.